भीमेच्या खोऱ्यातील मासे आणि अनुकूलनाची दोन शतके

शिरूर आणि दौंड हे तालुके समुद्रापासून दूर असले, तरी मत्स्यजीवनाच्या दृष्टीने ते समुद्राला पूर्णपणे परके नाहीत. कारण घोड आणि मुळा-मुठा या नद्या याच परिसरात भीमेला मिळतात, भीमा पुढे कृष्णेत जाते आणि कृष्णा बंगालच्या उपसागरात. या पाण्यातील माशांचा पहिला शास्त्रीय तपशील कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने तयार केला. मुंबई सरकारने 1824 मध्ये त्याच्याकडे दख्खनच्या सांख्यिकी पाहणीचे काम सोपवले होते आणि त्या भ्रमंतीत जमवलेल्या माशांची वर्णने त्याने 1839 पासून लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेत प्रसिद्ध केली. टाकरी, कोलुस, सिंघाला, खुद्री ही आजही टिकून असलेली जातिनामे त्याने स्थानिक लोकांकडूनच उचलली, आणि यांपैकी खुद्री, म्हणजे दख्खनचा महसीर, त्याला पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळाला होता.

साइक्सने पाहिलेली नदी पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात डोहांपुरती उरणारी, परंतु वाहती होती. महसीरासारख्या माशाचे सारे जीवनचक्र या वाहतेपणावर बेतलेले असते. पुराच्या पाण्यातून वर चढणे, खडी-गोट्यांच्या तळावर अंडी घालणे आणि प्राणवायूने समृद्ध पाण्यात पिले वाढणे हे त्याचे टप्पे आहेत. एखादा मासा आपल्या आयुष्यात बदललेल्या पाण्याला सरावतो तेव्हा त्याला रुळणे म्हणतात; त्या पाण्यात अधिक तगणाऱ्यांची जनुके, म्हणजे आनुवंशिक गुणांची एकके, पिढ्यांमागून पिढ्या प्रमाणाने वाढत जातात तेव्हाच त्याला अनुकूलन म्हणता येते. हा भेद ध्यानात न घेतल्यास पुढील इतिहास उलगडत नाही.

अनुकूलनाला किती काळ लागतो, याचे उत्तम उदाहरण हेरिंग या समुद्री माशाने पुरवले आहे. अटलांटिकच्या खाऱ्या पाण्यातील हा मासा बाल्टिक समुद्राच्या मचूळ पाण्यातही वसला असून, बाल्टिकचे पाणी लालसर प्रकाशाचे असल्यामुळे तेथील हेरिंगच्या डोळ्यातील रोडॉप्सिन या प्रकाशग्राही प्रथिनात 261 व्या स्थानावरील एक अमिनो आम्ल बदलले आहे, असे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. हा बदल रुजण्यास बाल्टिकने काही सहस्र वर्षे दिली.

भीमेने आपल्या माशांना काही दशकेच दिली. शिरूर तालुक्यातील चिंचणीजवळचे घोड धरण 1965 चे, तर उजनी 1980 चे. उजनीचा फुगवटा दौंडच्या दिशेने मागे सरकला आणि वाहत्या पात्राच्या जागी उथळ, संथ जलाशय आला, त्यातच पुण्याच्या सांडपाण्याचा भार मुळा-मुठेतून खाली येत राहिला. इतक्या थोड्या पिढ्यांत मूळ जातींना जनुकीय उत्तर सापडणे अवघड होते. उत्तर आधीच अंगी असलेला मासा मात्र बाहेरून आलेला होता. उजनीच्या मासळीबाजारात त्याला चिलापी म्हणतात.

चिलापी म्हणजे तिलापिया. यांतील मोझांबिक तिलापिया मूळचा आग्नेय आफ्रिकेतील नद्यांचा आणि खाड्यांचा, जेथे भरती-ओहोटीबरोबर पाण्याचा खारेपणा सतत बदलतो. गोड्या पाण्यात माशाच्या शरीरात पाणी शिरते व क्षार निसटतात, समुद्रात याच्या अगदी उलट घडते. या माशाच्या कल्ल्यांतील विशिष्ट पेशी क्षार आत ओढण्याचे आणि बाहेर टाकण्याचे अशी दोन्ही कामे, संप्रेरकांच्या आज्ञेनुसार, करू शकतात. गोड्या पाण्यात हे काम प्रोलॅक्टिन या संप्रेरकाच्या आधारे चालते. स्ट्रीलमन आणि कोचर यांनी 2002 मध्ये दाखवले की, तिलापियाच्या संकरित पिढीत प्रोलॅक्टिनच्या जनुकालगतच्या एका पुनरावृत्त तुकड्याच्या लांबीप्रमाणे त्या जनुकाचे कार्य आणि खाऱ्या पाण्यातील वाढ बदलते.

भीमेचे पाणी खारे नाही, हा आक्षेप रास्त आहे. येथे उपयोगी पडली ती खारेपणाची सहनशक्ती नव्हे, तर अस्थिर पाण्यात घडलेली सर्वसाधारण लवचिकता: कमी प्राणवायूत तगणे, मिळेल ते खाणे, लहान वयात प्रजननक्षम होणे आणि मादीने अंडी तोंडात सांभाळल्यामुळे प्रवाहाची वा खडीच्या तळाची गरज न उरणे. विशेष म्हणजे आशियातील या माशाचे मूळ बियाणे जावा बेटावर 1930 च्या दशकाच्या अखेरीस सापडलेल्या पाचेक माशांपर्यंत मागे नेले जाते, म्हणजे त्याची जनुकीय विविधता फारच तोकडी आहे. तरीही तो सर्वत्र पसरला. भारतात तो 1952 मध्ये आला, आणि त्याचे धोके ध्यानात येऊन 1959 मध्ये त्याच्या प्रसारावर बंदी आली, तोवर मासा निसटला होता. त्याने स्वस्त मासळी दिली हे खरे, पण मासेमारीचा सगळा भार एका परक्या जातीवर येणे हे नदीच्या प्रकृतीचे लक्षण नव्हे.

दोष केवळ परदेशी माशाचा मानणे मात्र चूक ठरेल. साइक्सने मुळा-मुठेतून नोंदवलेल्या खुद्री महसीराचे लोणावळ्यातील टाटांच्या केंद्रात 1970 च्या दशकात कृत्रिम प्रजनन साधले, ती मोठीच कामगिरी होती. परंतु तेथील पिले दूरच्या कावेरीतही सोडण्यात आली आणि तेथे त्यांची संख्या वाढत असता कावेरीचा स्वतःचा वशिंडाचा महसीर घटत गेला. एका खोऱ्यात अनुकूल झालेला मासा दुसऱ्या खोऱ्यात पाहुणा नसून प्रतिस्पर्धी असतो, हे तेव्हा कोणी तपासले नाही. त्या कावेरीच्या माशाची नेमकी जातीय ओळख 2018 मध्ये निश्चित झाली, आणि आज तो अतिसंकटग्रस्त जातींत गणला जातो.