शाळा तपासणीचा दिवस

सकाळी सव्वासात. मुंबईकडे जाणाऱ्या लोकलला आसनगाव स्टेशनवर पाय ठेवायला जागा नसते. मी उलट्या दिशेच्या कसारा गाडीने येते, त्यामुळे खिडकी मिळते. या नोकरीतला हा खरा भत्ता.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकात मी वैद्यकीय अधिकारी आहे. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला सुरू झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. अंगणवाडीची तपासणी वर्षातून दोनदा, शाळेची एकदा. म्हणजे आज जे सुटलं, ते वर्षभर सुटलं.

साडेनऊ. माहुली गडाच्या पायथ्याकडची जिल्हा परिषद शाळा. वजन, उंची, डोळे, दात. खरूज आणि किडके दात, नेहमीचेच.

साडेदहा. सर पाचवीतल्या एकाला दंडाला धरून आणतात. "मॅडम, याला जरा शांत बसायचं औषध द्या. पायाला भिंगरी आहे नुसती." हल्ली 'एडीएचडी' (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) हा शब्द मोबाइलवरून शिक्षकांपर्यंत पोचलाय, हे बरंच झालं. पण चुळबुळ दिसली की निदान झालं, असं नसतं. लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून हवीत, किमान सहा महिने टिकलेली हवीत, आणि शाळेत दिसतात तशी घरीही दिसायला हवीत. घरचं सांगायला कोणी नाही. आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेत, पोरगा आजीकडे. मी कानात बघते. डावा कान वाहतोय, पडद्याला भोक. उजव्यात मळ गच्च. सरांचं निम्मं बोलणं त्याला ऐकूच येत नसणार, मग तो शेजाऱ्याच्या खोड्या काढणार नाही तर काय करणार? आधी कान. बाकीचं कान बरा झाल्यावर.

बारा. खिचडी. रजिस्टर भरणं.

साडेबारा. सातवीची एक मुलगी. तिच्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. "गरीब आहे हो, हिचा काही त्रास नाही," असं बाई म्हणाल्या. मी सहज वही मागितली. पहिल्या दोन ओळी मोत्यासारख्या, तिसरी अर्ध्या शब्दावर थांबलेली. पान उलटलं, पुन्हा तसंच. गणितात बेरीज बरोबर, पण हातचा विसरलेला. आई शेतातून आली ती चिखलाच्या पायांनीच. "पाण्याला पाठवली तर हंडा विहिरीवर ठेवून येते, मॅडम. पयल्यापासून अशीच. किती मारली."

एडीएचडीचा हाही एक प्रकार: धावपळ नाही, दंगा नाही, फक्त लक्ष टिकत नाही. मुलींच्यात तो जास्त सुटतो. वय वाढलं की पुष्कळांची धावपळ कमी होते, विसरणं राहतं, आणि नववी-दहावीत अभ्यास वाढला की पोरगी 'डोक्याने कमी' ठरते. मग लग्नाची बोलणी.

"आमचं काय चुकलं का?" आईने विचारलं. नाही. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, मेंदूची घडण तशी असते. मारून ती बदलत नाही. बाईंना सांगितलं: पहिल्या बाकावर बसवा, एका वेळी एकच काम सांगा, मोठा पाठ तुकड्यांत द्या. घरीही तसंच. मिथाइलफेनिडेटसारखी औषधं पुष्कळ मुलांना उपयोगी पडतात, पण ती द्यायची का हे तज्ज्ञ ठरवतील, मी नाही. वाचनाचीही चाचणी हवी, कारण अध्ययन अक्षमता बऱ्याचदा सोबत असते, आणि २०१६ च्या अपंगत्व कायद्याच्या यादीत ती आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही.

तीन. चिठ्ठी लिहिली. पुढची तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी, ठाण्याला. आई चिठ्ठीकडे बघत राहिली. एक दिवसाची मजुरी, दोघींचं तिकीट, आणि एका फेरीत काम होईलच असं नाही. अशा चिठ्ठ्या डब्यात पडून राहतात. आमच्या कार्यक्रमाचं खरं दुखणं हे आहे, मुलं सापडत नाहीत हे नव्हे. परिचारिकेने आईचा फोन नंबर वहीत उतरवून घेतला. तारखेच्या आदल्या दिवशी ती फोन करेल.

साडेपाच. परतीची लोकल.

शिक्षकांना एवढंच सांगणं: पथक येईल तेव्हा गप्प बसणाऱ्या मुलांच्या वह्या आधी काढून ठेवा. दंगेखोर आम्हाला शोधावे लागत नाहीत.