विश्लेषण: सकाळी लोअर परळ, रात्री पुन्हा लोअर परळ, रेल्वेने एका दिवसाची सहल कशी आखायची?

आठवड्याला एकच सुटी. हॉटेलचं भाडं द्यायचं नाही, गाडी चालवत घाटात अडकायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला वेळेत हजर राहायचं. लोअर परळच्या कॉर्पोरेट पार्कमध्ये काम करणारे असोत की लालबाग-करी रोडच्या चाळीत राहणारे, शुक्रवारी संध्याकाळी अनेकांचा प्रश्न एकच असतो: "रविवारी कुठे जाऊन येता येईल?"

उत्तर रेल्वेकडे आहे. पण बरेच जण ते उलट्या बाजूने शोधतात. मीही तेच केलं होतं. दोन वर्षांपूर्वी आईला घेऊन नाशिकला गेलो. जायचं तिकीट कन्फर्म होतं, परतीचं "तिथे गेल्यावर बघू" म्हटलं. संध्याकाळी प्रत्येक गाडीला वेटिंग. शेवटी जनरल डब्यात, दाराजवळ बॅगेवर बसून आईने दादर गाठलं. तिचे गुडघे आधीच दुखरे. चूक पूर्णपणे माझी होती. तेव्हापासून नियम केला: आधी परतीची गाडी, मग जायची, आणि सगळ्यात शेवटी काय बघायचं ते.

हा नियम मुंबईत इतका महत्त्वाचा का, ते समजून घेऊ. (खाली दिलेल्या वेळा साधारण आहेत. निघण्याआधी रेल्वेच्या अ‍ॅपवर त्या दिवसाची वेळ तपासून घ्या.)

मुंबईकराला दिवसाची सहल अवघड का जाते?

स्पेनची राजधानी माद्रिद देशाच्या जवळपास मध्यावर आहे. तिथून चारही दिशांना रेल्वे जाते. टोलेडोसारखं जुनं शहर वेगवान गाडीने साधारण अर्ध्या तासावर. त्यामुळे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणं तिथे सहज जमतं.

मुंबईचं तसं नाही. एका बाजूला समुद्र, आणि आपल्या नावाजलेल्या बऱ्याच गाड्यांचं वेळापत्रक मुंबईत *येणाऱ्यांच्या* सोयीने बनलेलं. १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन बघा. ती सकाळी सव्वासातला पुण्याहून निघते, साडेदहाच्या आत सीएसएमटीला येते आणि संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी परत निघते. पुणेकराला मुंबईत अख्खा दिवस मिळतो. मुंबईकराला मात्र ती रात्री पुण्यात नेऊन सोडते. मनमाड-नाशिकची पंचवटी आणि सुरतची फ्लाइंग राणी यांचंही तेच: सकाळी मुंबईकडे, संध्याकाळी घराकडे.

म्हणजे नावाजलेली गाडी आपल्या कामाची असेलच असं नाही. आपल्याला हवी ती सकाळी मुंबईतून *निघणारी* आणि संध्याकाळी मुंबईकडे *परतणारी* गाडी. अशा गाड्या मोजक्याच आहेत.

लोअर परळहून सुरुवात कुठून करायची?

बाहेरगावच्या गाड्यांसाठी आपलं खरं स्टेशन दादर. लोअर परळहून पश्चिम रेल्वेची स्लो लोकल पकडली की प्रभादेवी आणि मग दादर, म्हणजे दुसरंच स्टेशन. मध्य रेल्वेने जायचं असेल तर चालत करी रोड गाठा. तिथूनही परळ आणि मग दादर.

लक्षात ठेवा, लोअर परळ आणि करी रोडला स्लो गाड्याच मिळतात. कर्जत, कसारा किंवा विरारची फास्ट पकडायची तर दादरला उतरून गाडी बदलावी लागेल. आणखी एक गोष्ट: डिसेंबर २०२३ पासून दादरच्या फलाटांना सलग क्रमांक आहेत. १ ते ७ पश्चिम रेल्वेचे, ८ ते १४ मध्य रेल्वेचे. जुन्या सवयीने फलाट शोधू नका. लोकल आणि एक्स्प्रेसच्या मध्ये किमान २० मिनिटं हाताशी ठेवा.

लोकलचं तिकीट कुठपर्यंत चालतं?

मध्य रेल्वेवर कसारा आणि खोपोलीपर्यंत, पश्चिम रेल्वेवर डहाणू रोडपर्यंत. डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली ती १६ एप्रिल २०१३ रोजी. म्हणजे लोकलच्या तिकिटात सव्वाशे किलोमीटरच्या आसपास जाता येतं. दिवसभरात बऱ्याच ठिकाणी चढ-उतार करणार असाल तर एक, तीन किंवा पाच दिवसांचं टुरिस्ट तिकीटही खिडकीवर मिळतं.

पण लोकलचं तिकीट किंवा पास घेऊन मेल-एक्स्प्रेसमध्ये सरसकट बसता येत नाही. "कर्जतलाच तर उतरायचंय" म्हणून एक्स्प्रेसमध्ये चढलात आणि टीसी आला, तर भाड्याशिवाय किमान २५० रुपये दंड.

जनरल तिकिटाचाही एक नियम अनेकांना माहीत नसतो. १९९ किलोमीटरपर्यंतच्या अनारक्षित तिकिटावर साधारण तीन तासांच्या आत प्रवास सुरू करावा लागतो. सीएसएमटी ते पुणे १९२ किलोमीटर. नाशिक रोड त्याहून थोडं कमी. दोन्ही या मर्यादेत येतात. त्यामुळे आदल्या रात्री जनरल तिकीट काढून ठेवण्यात अर्थ नाही.

आरक्षण मात्र आता ६० दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ पासून; पूर्वी ही मुदत १२० दिवस होती). दिवसाच्या गाड्यांना स्लीपरपेक्षा दोन पर्याय बरे: दुसऱ्या वर्गाचं बसण्याचं आरक्षण, म्हणजे टूएस, किंवा एसी चेअर कार. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगवर राहिलं तर ते आपोआप रद्द होतं. ते दाखवून गाडीत चढता येत नाही.

फक्त लोकलने कुठे जाता येईल?

पहिल्यांदाच निघत असाल तर इथून सुरुवात करा. आरक्षणाची गरज नाही आणि परतीची एक लोकल चुकली तरी पुढची मिळते.

*अंबरनाथ:* दादरहून साधारण सव्वा तास. स्टेशनपासून रिक्षाने शिवमंदिर. शिलाहारांच्या काळातलं, शिलालेखानुसार इ.स. १०६० चं. भिंतींवरचं कोरीव काम निवांत बघितलं तरी दुपारी जेवायला घरी येता येतं.

*वसई:* वसई रोडला उतरून बस किंवा रिक्षाने किल्ला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून जिंकलेला. सावली कमी आहे, म्हणून सकाळी लवकर किंवा हिवाळ्यात जा.

*केळवे आणि डहाणू:* केळवे रोडहून रिक्षाने समुद्रकिनारा. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे. मात्र घोलवड डहाणू रोडच्या पुढे आहे, तिथे मुंबईची लोकल जात नाही. डहाणूला उतरून रिक्षा किंवा पुढची पॅसेंजर. या मार्गावर विरारनंतर लोकल कमी होतात. एक चुकली तर पुढचीसाठी बराच वेळ थांबावं लागू शकतं, म्हणून परतीच्या दोन-तीन गाड्यांच्या वेळा लिहून ठेवा.

*आसनगाव:* माहुली किल्ल्यासाठी. चढण दमवणारी आहे, घरातल्या ज्येष्ठांना घेऊन जायची जागा नव्हे.

लोणावळा आणि पुण्यासाठी कोणती गाडी?

मुंबईकराच्या सोयीची गाडी म्हणजे इंटरसिटी. सकाळी सहा चाळीसच्या सुमारास सीएसएमटीहून निघते, दादरला थांबते, दहाच्या आसपास पुण्यात. तीच संध्याकाळी सहाच्या सुमारास पुण्याहून परत निघते. हातात आठ तास. त्याहून लवकर हवी तर इंद्रायणी: सकाळी पावणेसहाच्या सुमारास सीएसएमटी, आणि पुण्याहून परत साडेसहानंतर. डेक्कन एक्स्प्रेसने जाता येतं, पण ती पुण्याहून दुपारी सव्वातीनला परत निघते. जायला ती आणि यायला इंटरसिटी, अशी जोडी लावा.

कार्ला आणि भाजे लेण्यांसाठी जवळचं स्टेशन मळवली. मुंबईहून येणाऱ्या बहुतेक एक्स्प्रेस तिथे थांबत नाहीत. लोणावळ्याला उतरून पुण्याकडे जाणारी लोकल पकडा, मळवली पुढचंच स्टेशन. दुपारी या लोकल विरळ होतात. तेव्हा लोणावळ्याहून थेट रिक्षा ठरवणं सोपं. कार्ल्याचं चैत्यगृह देशातल्या कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठं मानलं जातं आणि शेजारीच एकवीरा आईचं देऊळ आहे. वरळी कोळीवाड्यापासून कुलाब्यापर्यंत अनेक कोळी कुटुंबांची ती कुलदेवता. पायऱ्या आहेत, हे आधीच लक्षात घ्या.

नाशिक की शिर्डी?

१० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेली सीएसएमटी-साईनगर शिर्डी वंदे भारत ही मुंबईकराच्या बाजूने वेळापत्रक असलेल्या थोड्या गाड्यांपैकी एक. सकाळी सव्वासहा-साडेसहाच्या दरम्यान सीएसएमटी आणि दादर, नऊच्या सुमारास नाशिक रोड, पावणेबाराच्या आसपास शिर्डी. परतताना शिर्डीहून साडेपाचच्या सुमारास, नाशिक रोडहून साडेसातच्या सुमारास.

आता हिशोब करा. याच गाडीने शिर्डीला गेलात तर हातात सहा तासही नाहीत. दर्शनाची रांग लांबली तर परतीची धाकधूक. नाशिकला उतरलात तर दहा तास. पंचवटी, काळाराम मंदिर, गोदाघाट आणि मिसळ हे सगळं आरामात बसतं. त्र्यंबकेश्वरही जोडता येईल, पण मग नाशिक शहर घाईत उरकावं लागेल. दोन्हींपैकी एकच ठरवा.

नाशिक रोड स्टेशन शहराच्या मध्यापासून आठ-नऊ किलोमीटर लांब आहे. जाता-येता मिळून तासभर त्यात जातो, तो आधीच वजा करा. वंदे भारत आठवड्यातून एक दिवस बंद असते, तो वार तपासा. वंदे भारतचं भाडं जास्त वाटत असेल तर तपोवन एक्स्प्रेस आहे. तीही सकाळी जाते आणि संध्याकाळी परतते.

माथेरानला टॉय ट्रेन मिळेलच का?

खात्री धरू नका. १९०७ साली सुरू झालेली ही अरुंद रुळांची गाडी नेरळहून मोजक्याच फेऱ्या करते आणि जागा थोड्या असतात. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा घाटातला भाग बंद ठेवतात. अमन लॉज ते माथेरान शटल मात्र चालू असते. एका दिवसात जायचं तर नेरळहून दस्तुरीपर्यंत शेअर टॅक्सी, तिथून शटल किंवा चालत, असा बेत आखा. टॉय ट्रेन मिळाली तर आनंद. दस्तुरीच्या पुढे खासगी गाड्यांना बंदी आहे.

रविवार आणि पाऊस: दोन मोठे अडथळे

रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक बहुधा सकाळी अकरा ते दुपारी चारच्या दरम्यान असतो. या वेळेत लोकल कमी होतात, फास्ट गाड्या स्लो मार्गावर वळवल्या जातात. म्हणून दहाच्या आत कल्याण ओलांडा आणि दुपारचा परतीचा बेत टाळा. ब्लॉक कुठे आहे ते शुक्रवार-शनिवारी जाहीर होतं.

पावसाळ्यात लोणावळा, कर्जत, कसाऱ्याच्या धबधब्यांवर जायचं ठरवत असाल तर जिल्हा प्रशासनाचे बंदी आदेश आधी बघा. ३० जून २०२४ रोजी, रविवारीच, लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. गाडीची वेळ गाठण्यासाठी पाण्यातून शॉर्टकट घेणं किंवा अंधार पडेपर्यंत थांबणं, दोन्ही नको.

निघण्याआधी एवढं करा

१. परतीचं आरक्षण आधी काढा. ते कन्फर्म झालं तरच जायचं तिकीट काढा.

२. परतीच्या वेळेतून दीड तास वजा करा. त्या वेळेला स्टेशनकडे निघायचं, कुठेही असलात तरी.

३. शेवटच्या लोकलवर बेत आखू नका. शेवटची लोकल ही फक्त चूक सावरण्यासाठी.

४. दुसरा पर्याय माहीत असू द्या. पुण्याहून आणि नाशिकहून मुंबईकडे एसटीच्या बस सतत असतात.

५. तिकिटाचा स्क्रीनशॉट आणि ओळखपत्र जवळ ठेवा. घाटात मोबाइलची रेंज जाते. जनरल किंवा लोकलचं तिकीट मोबाइलवर काढणार असाल तर स्टेशनच्या आवारात शिरण्याआधी काढा.

गेल्या हिवाळ्यात आईला पुन्हा घेऊन गेलो, या वेळी एकवीरेला. परतीच्या दोन खिडकीजवळच्या जागा दीड महिना आधी काढल्या होत्या. पायऱ्या चढताना ती चार वेळा बसली आणि एकदाही मी घड्याळ बघितलं नाही. कारण निघायची वेळ आधीच ठरलेली होती. रात्री साडेनऊच्या आत आम्ही करी रोडला उतरलो. जिना उतरताना तिने विचारलं, "पुढच्या वेळी नाशिकला जाऊया? त्या वेळी नीट बघायचं राहिलंच."

परतीचं तिकीट आधी काढतो, म्हटलं.