नृत्यपटाची उत्तरकृती : शांतारामांच्या दोन चित्रपटांच्या निमित्ताने

लोकांनी डोक्यावर घेतलेल्या एखाद्या कलाकृतीमागून त्याच कर्त्याने, त्याच साहित्याने आणि पहिल्याहून अधिक श्रम वेचून केलेली दुसरी कृती पुष्कळदा निष्प्रभ ठरते. हा अनुभव इतका नित्याचा आहे की त्याची कारणे शोधण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाही. लोकांची अभिरुची पालटली, कर्त्याची प्रतिभा ओसरली, अशी एकदोन उत्तरे आपल्यापाशी तयार असतात आणि तेवढ्यावर आपले समाधान होते. माझेही परवापरवापर्यंत होत असे.

ते समाधान ढळण्यास एक घरगुती निमित्त झाले. आमचे कोसाड हे तापीपलीकडचे, सुरतेच्या उत्तरेचे जुने गाव. आता ते महानगराच्या पोटात गेले आहे. आमच्या शाळेत येणारी मुले बव्हंशी खानदेशी कुटुंबांतील. बाप यंत्रमागावर, आई घरी साड्यांना टिकल्या लावते, आणि घरात अहिराणी. तीन वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनात मुलींनी कानबाईच्या उत्सवावर एक लहानसे नृत्यनाट्य केले होते. एका मुलीच्या वडिलांना श्रावणात कामावरून रजा मिळाली नाही, त्यामुळे त्या घराची कानबाई त्या वर्षी चुकली. एवढाच त्याचा विषय. प्रेक्षकांत बसलेल्या बायका पदर डोळ्यांना लावून पाहत होत्या. पुढच्या वर्षी पालकांनी आग्रह धरला की याचा दुसरा भाग झालाच पाहिजे. मीही त्यास मान्यता दिली. भाड्याने झगमगीत पोशाख आणले, दिवे आणले, नाचणाऱ्या मुलींची संख्या बारावरून तीसवर नेली. कार्यक्रम मधेच असताना मागल्या रांगांतले लोक आपसांत बोलू लागले होते. चूक मुलींची नव्हती. त्या पहिल्यापेक्षा सफाईने नाचल्या. दोष माझा होता, पण तो नेमका कोणता, हे मला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत याची चर्चा चालली असता आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सहज म्हटले, "अहो, शांतारामांचेही असेच झाले होते की!" त्यांचा रोख 'झनक झनक पायल बाजे' (1955) आणि 'जल बिन मछली नृत्य बिन बिजली' (1971) या दोन चित्रपटांकडे होता. ते दोन्ही चित्रपट मी पुन्हा मन लावून पाहिले.

काटेकोरपणे बोलायचे तर दुसरा चित्रपट पहिल्याचा पुढचा भाग नव्हे. पात्रे वेगळी, कथानक वेगळे. परंतु निर्मिती राजकमल कलामंदिराची, दिग्दर्शक तेच, नायिका त्याच संध्या, आणि विषय तोच : नृत्यावाचून जगू न शकणारी स्त्री. अशा कृतीस मी 'उत्तरकृती' म्हणतो. कथेचा धागा तुटलेला असला तरी प्रेक्षक ती पाहण्यास येतो तो पहिलीची आठवण मनात धरूनच, आणि कर्ताही त्याच आठवणीवर भिस्त ठेवतो.

पहिल्या चित्रपटाचे यश लहानसहान नव्हते. राष्ट्रीय पारितोषिकांत उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा मान त्यास मिळाला आणि तो पुष्कळ काळ चालला. टेक्निकलर पद्धतीने झालेल्या पहिल्या काही भारतीय चित्रपटांत त्याची गणना होते. रंगाचा ध्यास शांतारामांना फार जुना. 'प्रभात'मध्ये असताना 1933 साली 'सैरंध्री' रंगीत करण्यासाठी त्यांनी जर्मनीपर्यंत धाव घेतली होती. रंग मनासारखे उतरले नाहीत. बावीस वर्षांनी तो हेतू सफल झाला, आणि त्या आनंदात काही ठिकाणी रंगांची उधळपट्टीही झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. काही देखावे मला आजही भडक वाटतात. संगीत वसंत देसाई यांचे. शीर्षकगीतास अमीर खाँ यांचा आवाज, तबल्यावर सामताप्रसाद, आणि संतूर ज्यांच्यामुळे पुढे मैफलीत मानाने बसले ते शिवकुमार शर्मा, त्या वेळी अगदी तरुण, पार्श्वसंगीतात. नायकाच्या भूमिकेत गोपीकृष्ण, म्हणजे कथ्थकात मुरलेल्या घराण्यातला कलावंत.

तथापि ही सारी सामग्री झाली. चित्रपट उभा राहिला तो एका प्रश्नावर. मंगल महाराज या वृद्ध गुरूंच्या भूमिकेत केशवराव दाते आहेत. श्रीमंत घरची नीला हौसेने नाचते, ते पाहून त्यांना संताप येतो. त्यांचा पुत्र गिरधर खरे नृत्य कशास म्हणतात ते दाखवितो, आणि नीला हट्टाने शिष्या होते. गुरूला पुत्राकडून हवा आहे 'भारत नटराज' हा बहुमान, व त्यासाठी एकाग्र साधना. येथे पेच पडतो. नीला ही गिरधरच्या नृत्याची जोडीदारीण, आणि तिच्यावर जडलेले त्याचे प्रेम हेच त्या नृत्याला विघ्न. तिच्यावाचून नृत्य पुरे होत नाही. तिच्यामुळे ते मोडते. चित्रपटात जे जे नृत्य येते ते या दुहेरी ओढीच्या ताणाखाली येते. आपण पदन्यास पाहत असतो, पण मनात धास्ती असते की म्हाताऱ्याला कळले तर काय होईल. रसशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर नृत्य येथे केवळ उद्दीपन नाही. पात्रांचे सुखदुःख त्याच्याच आधाराने उभे आहे.

आणखी एक गोष्ट मला या वेळी प्रथमच उमगली. संध्याबाई 'अमर भूपाळी'तून (1951) पडद्यावर आल्या तेव्हा त्या नर्तकी नव्हत्या. 'झनक झनक'साठी त्यांनी गोपीकृष्णांकडे कसून शिक्षण घेतले. अर्थात पडद्यावरची शिष्या ही पडद्याबाहेरचीही शिष्याच होती. तिच्या चेहऱ्यावर जो प्रयत्न दिसतो, अवघड तिहाई समेवर आणताना जी किंचित धडपड दिसते, ती अभिनयाने आणलेली नाही. आपण शिक्षक असल्यामुळे हे चटकन ओळखतो : शिकणाऱ्याच्या तोंडावर एक कांती असते, ती शिकून झालेल्याच्या तोंडावर राहत नाही.

सोळा वर्षांनंतरच्या चित्रपटात ती धडपड नाही. देह विलक्षण लवचिक आहे, परिश्रम कौतुकास्पद आहेत. मत्स्यनृत्यात तर मासोळीची तडफड अंगोपांगांतून उमटविण्याचा अचाट उद्योग केलेला आहे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांची गाणी आजही लोकांच्या ओठी आहेत. परंतु चित्रपट लोकांनी स्वीकारला नाही, आणि पुन्हा पाहताना मला लोकांची बाजू घ्यावीशी वाटली. दोन शीर्षके शेजारी ठेवून पाहा. पहिले शीर्षक म्हणजे केवळ एक ध्वनी. पैंजण वाजत आहेत; कोणाच्या पायी, कोणासाठी, हे कथेने सांगायचे. दुसरे शीर्षक म्हणजे निकाल. पाण्यावाचून मासोळी तशी नृत्यावाचून ही नायिका, हे आपल्याला तिकीट काढतानाच कळलेले असते, आणि पुढे सारा चित्रपट ते पुनःपुन्हा बजावीत राहतो. अडचणी तेथेही येतात, पण त्या बाहेरून येतात. नृत्याच्या पोटातून नृत्यालाच विरोध करणारे असे काही उपजत नाही. नृत्य हे प्रत्येक प्रश्नाचे उत्तर होऊन बसले आहे. आणि ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा प्रश्न वर्गातली मुलेसुद्धा लक्ष देऊन ऐकत नाहीत.

'काळ पालटला होता' हे तयार उत्तर येथे लागू पडत नाही. 1972 सालीच 'पाकीझा' आला. त्यातले नृत्य जुन्या वळणाचे, आणि त्या चित्रपटाची मोहिनी अद्याप उतरलेली नाही. परंतु त्याहून बोलका पुरावा खुद्द शांतारामांचाच आहे. त्याच 1972 साली त्यांनी 'पिंजरा' काढला. दिग्दर्शक तेच, नायिका तीच, आणि पुन्हा नर्तकीचीच कथा. फक्त कथ्थकाच्या जागी लावणी. प्रतिभा ओसरली असे 1971 साली जे म्हणाले असतील त्यांना वर्षाच्या आत शब्द परत घ्यावे लागले असतील.

'पिंजरा'चे मूळ श्टेर्नबर्गच्या 'ब्लू एंजल' (1930) या जर्मन बोलपटात, आणि त्याचेही मूळ हाइनरिश मान याच्या 1905 सालच्या कादंबरीत. पण अनंत माने यांची पटकथा, शंकर पाटलांचे संवाद, खेबुडकरांची गीते आणि राम कदमांचे संगीत यांनी ते रोप आपल्या मातीत असे रुजविले की परकेपणाचा मागमूस उरला नाही. आदर्शवादी मास्तर तमाशाचा फड गावाबाहेर घालवितो, अपमानित चंद्रकला त्यास आपल्या पायाशी आणण्याची प्रतिज्ञा करते, तो ढळतो. गाव समजते की मास्तरांचा खून झाला. त्यांचा पुतळा उभारला जातो. आणि जिवंत मास्तर फडात तुणतुणे धरून उभा राहतो. अखेर स्वतःच्याच खुनाबद्दल तो शिक्षा पत्करतो. डॉ. लागूंचा तो मास्तर मी लहानपणी खानदेशात, तंबूतल्या खेळात, वडिलांच्या मांडीवर बसून पाहिला. वडीलही प्राथमिक शिक्षक. परतताना ते वाटेत एक शब्द बोलले नाहीत, एवढे मला आठवते. आता स्वतः मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसल्यावर त्या मौनाचा अर्थ थोडाफार कळतो. येथे लावणी हे उत्तर नाही. ती भूल आहे, सूड आहे आणि पुढे प्रेमही आहे. नाचणारीलाही ती कोठे नेणार हे ठाऊक नाही. माझ्या मते 'झनक झनक'ची खरी उत्तरकृती हीच. तिने पहिलीचे पैंजण तेवढे उचलले आणि त्यांना अगदी उलटा प्रश्न विचारला : साधना माणसाला तारते, तर मोह काय करतो?

अस्सल 'पुढचा भाग' म्हणावा असे उदाहरण अमेरिकेतले आहे. 'सॅटर्डे नाइट फीव्हर' (1977) मधला ब्रुकलिनचा पोरगा आठवडाभर रंगाच्या दुकानात राबतो आणि शनिवारी रात्री नाचाच्या फरशीवर राजा होतो. 1983 साली 'स्टेइंग अलाइव्ह' आला. तोच नट, तेच पात्र, पण आता तो व्यावसायिक नर्तक होण्याच्या धडपडीत, आणि सहाही दिवस नाचच. गल्ला चांगला जमला, समीक्षकांनी मात्र त्याची पार धूळधाण केली. रंगाचे दुकान गेले, त्याबरोबर शनिवारही गेला.

यावरून उत्तरकृती करूच नये असा अर्थ कोणी काढील, तर त्यास भवभूतीचे स्मरण द्यावे लागेल. 'महावीरचरिता'त रामकथेचा विजयी भाग सांगून झाल्यावर त्याने 'उत्तररामचरित' लिहिले आणि ते पहिल्यापेक्षा फार उंच गेले. त्याच्या पहिल्या अंकातले चित्रदर्शन आपण वर्गात शिकवितो, परंतु त्यातली योजना किती धारदार आहे तिकडे आपले दुर्लक्ष होते. राम आणि सीता आपलीच पूर्वकथा चित्रांतून पाहतात. म्हणजे प्रेक्षकाला आवडलेला पहिला भाग कवी मुद्दाम पुन्हा समोर मांडतो. ती चित्रे पाहूनच सीतेला वनात जाण्याचा डोहाळा होतो. आणि तोच डोहाळा तिच्या त्यागाचे निमित्त होतो. जुन्या सुखाची आठवण हेच नव्या दुःखाचे दार. आमच्या कानबाईच्या दुसऱ्या भागात आम्ही पहिल्यातली गाणी पुन्हा वाजविली होती, ती केवळ टाळ्या मिळाव्यात म्हणून.

यंदा संमेलनाची बोलणी सुरू झाली तेव्हा मुलींनी आपण होऊन तिसऱ्या भागाचा विषय काढला. मी नकार देणार होतो. इतक्यात जिच्या घरची कानबाई तेव्हा चुकली होती तीच मुलगी म्हणाली, "सर, आता आम्हांला रजा मिळते. यंदा गावी जाऊन आलो. पण तिथल्या पोरी मला सुरतवाली म्हणतात, आणि रोट वाढताना पाहुण्यांच्या पंगतीत बसवतात." बाकीच्या मुली एकदम बोलू लागल्या; जिच्या तिच्यापाशी असेच काहीतरी होते. पोशाख या खेपेस भाड्याने आणलेले नाहीत. तालमी मधल्या सुटीनंतर व्हरांड्यात चालतात, आणि त्या मुलीला शेवटी कोणत्या पंगतीत बसवावे याविषयी त्यांच्यात अजून एकमत झालेले नाही.