थंडी, कोंबडी आणि पिलांची ऊब

कॅनडातल्या ओका मठात एका धर्मबंधूने कडाक्याच्या हिवाळ्यातही अंडी देणारी ‘शांटक्लेर’ कोंबडी पैदा केली. तिचा तुरा अगदी छोटा, कारण मोठा तुरा लवकर गोठतो.

आपल्याकडे मलकापुरात बर्फ पडत नाही, पण थंडी वाजतेच. तेव्हा इथल्या गावरान, गिरिराज, वनराज कोंबड्या पिसे फुगवतात. त्यांत अडकलेली हवा सुमारे ४१ अंशांचे अंग उबदार ठेवते. पिलांना मात्र नुसती लव असते. पहिल्या आठवड्यात त्यांना बल्ब लावून सुमारे ३५ अंश ऊब द्या, पुढे दर आठवड्याला ३ अंश कमी करा. पिले बल्बखाली दाटली तर ऊब वाढवा, कडेला पळाली तर घटवा. खुराड्याला पडदे जरूर लावा, पण वरची फट मोकळी ठेवा. कारण हवा कोंडली तर खाली अंथरलेल्या ओल्या तुसातून निघणारा अमोनियाही पिलांच्या जिवावर उठतो.