भूकंप आणि आपली इमारत

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे धक्के सुरू झाले, तेव्हापासून रुग्ण मला विचारतात, "डॉक्टर, वसई-विरारला धोका किती?" मी उलट विचारतो, तुमच्या इमारतीचे वय किती? १९९३ साली किल्लारीत माणसे मेली ती दगडमातीच्या जाड भिंतींखाली. विरारला तर ऑगस्ट २०२५ मध्ये भूकंप नसतानाच इमारत कोसळून १७ जण गेले! खांबांना तडे, गंजलेल्या उघड्या सळया दिसल्यास सोसायटीने स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावे. उशाशी जड कपाट नको. धक्का बसताच धावू नये. फेब्रुवारी २०१९ मध्ये डहाणू भागात घाबरून पळताना पडून दोन वर्षांची मुलगी दगावली. मजबूत टेबलाखाली डोके झाकून बसावे. हादरे थांबल्यावर चप्पल घालूनच उठावे, काचा असतात.