तोफ, क्षेपणास्त्र आणि सेकंदांचा हिशेब

आकाशातून येणारे विमान जमिनीवरून कसे पाडायचे, हा प्रश्न ऐकताच आपल्या डोळ्यांपुढे सैन्य, गणवेश आणि स्फोट येतात. पण या प्रश्नाचा गाभा शोधू गेल्यास तो नववीच्या पुस्तकात सापडतो. वेग, अंतर, काळ, त्वरण, थोडीशी भूमिती आणि थोडी संभाव्यता एवढ्या शिदोरीवर एका आधुनिक शस्त्रप्रणालीची बलस्थाने आणि तिच्या उणिवाही समजून घेता येतात. निर्मात्यांच्या माहितीपत्रकात फक्त बलस्थाने छापलेली असतात. उणिवा आपल्याला गणित करून काढाव्या लागतात.

उदाहरणादाखल रशियाची 'पान्त्सिर-एस१' ही प्रणाली घेऊ. पान्त्सिर या रशियन शब्दाचा अर्थ कवच. मॉस्कोच्या दक्षिणेस असलेल्या तुला या शहरातील केबीपी या संकल्पन संस्थेत, आर्कादी शिपुनोव यांच्या नेतृत्वाखाली ती आकाराला आली. १९९५ साली तिचा पहिला नमुना मॉस्कोजवळच्या प्रदर्शनात लोकांसमोर आला. २००० साली संयुक्त अरब अमिरातीने ५० प्रणालींची मागणी नोंदवली आणि २०१२ मध्ये ती रशियन सैन्यात रीतसर दाखल झाली. आठ चाकांच्या ट्रकवर एक फिरता मनोरा, त्याच्या दोन्ही बाजूंना ३० मिलिमीटर व्यासाच्या जोडनळीच्या तोफा, त्यांच्या शेजारी नळकांड्यांत बंद असलेली १२ क्षेपणास्त्रे, वर शोधक रडार, पुढे मागोवा घेणारे रडार आणि अवरक्त कॅमेरा, असा हा संसार. चालवायला माणसे तीन.

एकाच गाडीवर तोफही आणि क्षेपणास्त्रही का? दोहोंपैकी एक पुरेसे नाही का? या प्रश्नाचे उत्तर नीट समजण्यासाठी प्रथम क्षितिजाकडे पाहावे लागेल.

पृथ्वी गोल असल्यामुळे रडारलाही क्षितिज असते. रडारचे तरंग वातावरणात किंचित वाकतात, हे धरून एक सोपे सूत्र मिळते. रडारच्या आणि विमानाच्या मीटरमधील उंचींची वर्गमुळे काढायची, त्यांची बेरीज करायची आणि तिला ४.१२ ने गुणायचे. आलेले उत्तर म्हणजे किलोमीटरमधील दृष्टिपल्ला. ट्रकवरचे रडार ४ मीटर उंचीवर आहे आणि विमान १०,००० मीटरवर आहे असे समजा. वर्गमुळे २ आणि १००; उत्तर ४२० किलोमीटर. आता तेच विमान, किंवा एखादे क्रूझ क्षेपणास्त्र, २५ मीटर उंचीवरून येऊ द्या. वर्गमुळे २ आणि ५. उत्तर अवघे २९ किलोमीटर! तेही सपाट, ओसाड जमिनीवर. झाडे, इमारती, टेकड्या आल्या की हा आकडा सहज आठ-दहा किलोमीटरवर घसरतो.

सेकंदाला २५० मीटर वेगाने येणारे क्षेपणास्त्र ८ किलोमीटर अंतर ३२ सेकंदांत कापते. एवढ्या वेळात ते दिसले पाहिजे, शत्रूचे आहे हे ठरले पाहिजे, मनोरा त्या दिशेला वळला पाहिजे आणि मारा झाला पाहिजे. पान्त्सिरला लक्ष्य दिसल्यापासून मारा करेपर्यंत ४ ते ६ सेकंद लागतात, असे तिचे निर्माते सांगतात. म्हणजे पहिला मारा फसला तर दुसरी संधी मिळते, तिसरी कदाचित नाही.

खालून उडण्याचे हे महत्त्व ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात ठळकपणे दिसले. सोव्हिएत बनावटीच्या क्षेपणास्त्रांना चुकवण्यासाठी इस्रायली विमाने खाली उतरली की 'शिल्का' या चार नळ्यांच्या २३ मिलिमीटर तोफांच्या तावडीत सापडत. क्षेपणास्त्राने विमान खाली दाबायचे आणि तोफेने टिपायचे, अशी ही जोडी होती, पण वेगवेगळ्या गाड्यांवर. ती एका गाडीवर आणण्याचे काम १९८२ साली सोव्हिएत सैन्यात आलेल्या 'तुंगुस्का'ने केले. तुंगुस्का रणगाड्यासारख्या साखळपट्ट्यांवर चालते, तर पान्त्सिर मुख्यतः ट्रकवर. कारण तिचे काम रणगाड्यांबरोबर शेतातून धावण्याचे नसून तळ, पूल, कारखाने आणि लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचे तळ राखण्याचे आहे.

आता तोफेकडे वळू. पान्त्सिरचा गोळा नळीतून सेकंदाला सुमारे ९६० मीटर वेगाने सुटतो. हवेचा विरोध क्षणभर विसरला तर १ किलोमीटरला साधारण १ सेकंद, २ किलोमीटरला २ आणि तोफेच्या कमाल पल्ल्याला, म्हणजे ४ किलोमीटरला, ४ सेकंद लागतील. (प्रत्यक्षात याहून बरेच अधिक.) गोळा एकदा सुटला की त्याला मार्ग बदलता येत नाही. म्हणून विमान आता जेथे आहे तेथे नव्हे, तर गोळा पोहोचेल तेव्हा ते जेथे असेल तेथे नेम धरावा लागतो. विमान सरळ रेषेत एकसमान वेगाने जात असेल तर संगणक हे काम चोख करतो. पण वैमानिकाने या दरम्यान वळण घेतले तर? समजा त्याने सेकंदाला २० मीटर प्रति सेकंद, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या दुप्पट, एवढे आडवे त्वरण घेतले. आपले ओळखीचे सूत्र, अर्धा गुणिले त्वरण गुणिले काळाचा वर्ग, वापरून पाहा. १ सेकंदात विमान अपेक्षित जागेपासून १० मीटर सरकते, २ सेकंदांत ४० मीटर आणि ४ सेकंदांत तब्बल १६० मीटर.

सारी मेख या वर्गात आहे. अंतर चौपट झाले तर चूक सोळापट होते. यामुळेच तोफेचा पल्ला कागदावर ४ किलोमीटर असला तरी चपळ लक्ष्याविरुद्ध ती खरी उपयोगी पडते ती एक-दीड किलोमीटरच्या आत. हे गणित वर्गात फळ्यावर मांडावे असे मला वाटते. काळाचा वर्ग सूत्रात का महत्त्वाचा, हे घरंगळणाऱ्या गोट्यांपेक्षा येथे जास्त लक्षात राहते.

क्षेपणास्त्राला ही अडचण नाही, कारण त्याला वाटेत वळवता येते. पान्त्सिरच्या क्षेपणास्त्राची रचना मोठी युक्तीची आहे. त्याचे दोन टप्पे असतात. मागचा टप्पा १७० मिलिमीटर व्यासाचा, त्यात सारे इंधन. पुढचा ९० मिलिमीटरचा, त्यात स्फोटक आणि नियंत्रण, पण इंजिन नाही. मागचा टप्पा दोन-अडीच सेकंद जळतो, क्षेपणास्त्राला सेकंदाला सुमारे १,३०० मीटर वेग देतो आणि गळून पडतो. या काळातले त्वरण काढले तर ते गुरुत्वत्वरणाच्या पन्नास पटींहून अधिक भरते. पुढे उरतो तो सडपातळ बाण. त्याचे समोरचे क्षेत्रफळ जाड टप्प्याच्या साडेतिनाव्या भागाएवढेच असल्याने हवेचा विरोधही त्या मानाने कमी, आणि केवळ मिळालेल्या वेगावर तो कमाल २० किलोमीटरपर्यंत जातो.

या बाणाला डोळे नाहीत. जमिनीवरची गाडी लक्ष्य आणि बाण या दोघांवर एकाच वेळी नजर ठेवते, दोघांच्या दिशांतला फरक मोजते आणि रेडिओवरून 'जरा डावीकडे, जरा वर' अशा आज्ञा पाठवते. डोळे नसल्याने बाण स्वस्त पडतो. पण याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. कोन मोजण्यात एक मिलिरेडियनची चूक झाली तर ५ किलोमीटरवर ती ५ मीटर होते आणि २० किलोमीटरवर २० मीटर. शिवाय हवेत इंजिन नसलेला बाण दूर जाता जाता मंदावतो आणि वळण्याची त्याची ताकदही घटते.

आणखी एक मर्यादा जवळच्या बाजूला आहे. वेग घेऊन मागचा टप्पा टाकेपर्यंतच क्षेपणास्त्र किलोमीटरभर पुढे गेलेले असते. त्यामुळे सुमारे १.२ किलोमीटरच्या आतले लक्ष्य त्याला घेता येत नाही. तोफ मात्र अगदी २०० मीटरपासून मारू शकते. क्षेपणास्त्र जेथे आंधळे तेथे तोफ सर्वांत अचूक! दोघे एका गाडीवर येण्याचे कारण हे आहे.

येथवर सारे कसे जुळून आलेले दिसते. पण ही प्रणाली ज्या लक्ष्यांसाठी आखली गेली ती होती विमाने, हेलिकॉप्टरे आणि क्रूझ क्षेपणास्त्रे. मधल्या काळात आकाशात छोटे ड्रोन आले आणि हिशेब बदलला.

रडारचे तरंग लक्ष्यापर्यंत जाताना अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होतात आणि परत येताना पुन्हा तसेच. म्हणून प्रतिध्वनीची ताकद अंतराच्या चौथ्या घाताने घटते. उलट बाजूने पाहिल्यास, लक्ष्याचे रडारला भासणारे क्षेत्रफळ शंभरपट कमी झाले तर शोधपल्ला शंभराच्या चौथ्या मुळाने, म्हणजे ३.१६ पटीने, घटतो. पान्त्सिरचे शोधक रडार २ चौरस मीटर क्षेत्रफळाचे लक्ष्य सुमारे ३६ किलोमीटरवर पाहते. मग ०.०२ चौरस मीटरचा ड्रोन दिसेल ११ किलोमीटरवर, आणि ०.०००२ चौरस मीटरची चिमुकली वस्तू साडेतीन किलोमीटरवर. त्यात ड्रोन सावकाश उडतो. जमिनीवरून, झाडांवरून, पक्ष्यांवरून येणारे प्रतिध्वनी गाळण्यासाठी रडार डॉप्लर परिणामाचा आधार घेते आणि मंद गतीचे सारे वगळते. गाळणी फार बारीक ठेवली तर पडद्यावर बगळे आणि घारी दिसतात, आणि जाडी ठेवली तर ड्रोन निसटतो.

दिसला तरी तो लागतोच असे नाही. दोन्ही तोफा मिळून मिनिटाला ५,००० गोळे सोडू शकतात, म्हणजे सेकंदाला ८३. साठा १,४०० गोळ्यांचा, म्हणजे एकूण १७ सेकंदांचा! समजा २ किलोमीटरवर हे गोळे ४ मीटर व्यासाच्या वर्तुळात सारखे विखुरले आणि नेम अगदी बरोबर आहे. वर्तुळाचे क्षेत्रफळ १२.६ चौरस मीटर. समोरून अर्धा चौरस मीटर दिसणाऱ्या मोठ्या ड्रोनला एक गोळा लागण्याची शक्यता ४ टक्के, आणि एका सेकंदाच्या माऱ्यात निदान एक लागण्याची ९६ टक्क्यांहून अधिक. उत्तम. पण ०.०२ चौरस मीटरच्या ड्रोनसाठी हाच आकडा १२ टक्क्यांवर येतो. ९० टक्के खात्री हवी असेल तर साधारण साडेचौदाशे गोळे लागतील. गाडीवर तेवढे नाहीतच. (आकडे बदलून विद्यार्थ्यांना हे उदाहरण जरूर द्यावे.)

प्रत्यक्षात काय घडले? ५-६ जानेवारी २०१८ च्या रात्री सीरियातील रशियन तळांवर १३ घरगुती बनावटीचे ड्रोन आले. त्यांपैकी ७ पान्त्सिरने पाडले आणि ६ इलेक्ट्रॉनिक उपायांनी निकामी केले, असे रशियाने जाहीर केले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात सीरियाच्या ताब्यातील एक पान्त्सिर इस्रायलच्या क्षेपणास्त्राला बळी पडताना जगाने चित्रफितीत पाहिली. २०२० मध्ये लीबियात तुर्की ड्रोनांनी पान्त्सिरच्या अनेक गाड्या टिपल्या. जानेवारी २०२३ मध्ये तर मॉस्कोतील संरक्षण मंत्रालयाच्या छतावर पान्त्सिर चढवलेली दिसली. वरच्या क्षितिजाच्या सूत्रात रडारची उंची ४ ऐवजी २५ मीटर घाला. पल्ला २९ वरून ४१ किलोमीटर होतो. छतावर चढण्यामागचे गणित हे आहे. शहराच्या माथ्यावर फुटणाऱ्या गोळ्यांचे आणि गळून पडणाऱ्या टप्प्यांचे तुकडे मात्र खाली वस्तीतच येतात, याचा उल्लेख माहितीपत्रकात नसतो.

या अनुभवातून दोन वाटा फुटल्या आहेत. एक खुद्द पान्त्सिरच्या निर्मात्यांची. २०२४ साली त्यांनी जी नवी आवृत्ती दाखवली, तिच्यावर लहान आकाराची ४८ क्षेपणास्त्रे मावतात आणि तोफा पार काढून टाकल्या आहेत! दुसरी वाट तोफेलाच सुधारण्याची. युरोपातील ३५ मिलिमीटरच्या काही तोफांत नळीच्या तोंडाशी असलेली वेटोळी प्रत्येक गोळ्याचा वेग मोजतात आणि त्यानुसार तो कोणत्या क्षणी फुटावा हे त्याला जाता जाता सांगतात. लक्ष्याच्या अलीकडे फुटून असा गोळा टंगस्टनच्या १५२ गोट्या पुढे उधळतो. थेट आदळण्याची गरजच उरत नाही, त्यामुळे वरच्या उदाहरणातले १२ टक्के कितीतरी वाढतात. मला स्वतःला ही दुसरी वाट अधिक शहाणपणाची वाटते. बारा काय किंवा अठ्ठेचाळीस काय, क्षेपणास्त्रे मोजकी असतात. स्वस्त ड्रोन पाठवणाऱ्याला फक्त त्याहून एक जास्त पाठवायचा असतो.

भारतीय सैन्यात शिल्का आणि तुंगुस्का दोन्ही आहेत. मे २०२५ मधील संघर्षात सीमेवर आलेल्या ड्रोनांविरुद्ध शिल्का, झेडयू-२३ आणि बोफोर्स आराखड्याच्या ४० मिलिमीटर एल-७० या जुन्या तोफा, नव्या शोधक यंत्रणा जोडून, वापरल्या गेल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात झालेल्या बैठकीत भारत डायनॅमिक्स या सरकारी कंपनीने पान्त्सिरच्या आवृत्त्यांबाबत रशियाच्या निर्यात संस्थेशी सामंजस्य करार केला आहे. त्यातून कोणती आवृत्ती घ्यायची हे ठरवताना विचारण्याजोगा पहिला प्रश्न पल्ला किती हा नसून, ०.०२ चौरस मीटरचे लक्ष्य किती अंतरावर दिसते, हा आहे.