वारलीचा चौक नीट बघा!

पुण्याजवळच्या सांगवीत सोसायटीच्या भिंतींवर, शाळेच्या गेटपाशी वारली चित्रं आता सर्रास दिसतात. त्यात तारपा वाद्याच्या तालावरचा नाच हमखास असतो. पण या कलेचं काळीज म्हणजे लग्नचौक, आणि तोच नेमका राहून जातो.

पालघरच्या डहाणू, तलासरी भागात लग्नघरात सवाशिणी तांदळाच्या पिठाने हा चौक लिहितात. शेण-गेरूने सारवलेली भिंत, हातात बांबूची काडी. चौकाच्या मधोमध पालघाट देवी, झाडावेलींची आणि सुफलतेची. भोवती नक्षीच्या पट्ट्या, जवळ सूर्य-चंद्र, फणी, शिडी. म्हणजे लग्न दोन माणसांचं असलं, तरी त्याला साक्षी असतो अख्खा निसर्ग! बाहेरच्या रानात झाडं, पाखरं, मुंग्या, माणसं, सगळी त्याच पांढऱ्या रेषेची. माणूस म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण, झाडापेक्षा कितीतरी लहान. मला ही मांडणी फार मोलाची वाटते.

निसर्गाशी असं नातं दूरच्या कलांतही दिसतं. अमेरिकेत ॲरिझोनाच्या कोरड्या पठारावर होपी लोक मका पिकवतात. त्यांच्या कलेत ढग, पावसाच्या रेघा, मक्याची कणसं पुन्हा पुन्हा येतात. पावसावर जगणाऱ्या माणसांची चित्रं अशीच असणार.

भिंतीवरची ही वारली चित्रं १९७० च्या दशकात वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी कागदावर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आदिवासी कलेची ओळख करून घ्यायची, तर पुण्यात क्वीन्स गार्डनजवळ आदिवासी संग्रहालय आहे. सांगवीहून सहज जाऊन येता येतं. मुलांना घेऊन नक्की जा.